नवा ट्रॅक्टर आणि उसाची ट्रॉली: रनिंगच्या काळात ओढायचं कसं

दसऱ्याला नाहीतर दिवाळी पाडव्याला ट्रॅक्टर दारात येतो, हार-नारळ होतो, आणि तोवर कारखान्याचं गळीत सुरू व्हायची वेळ आलेलीच असते. ऊसतोड टोळीला उचल दिलेली असते, वाहतुकीचा करार झालेला असतो, फायनान्सचा हप्ता डोळ्यासमोर असतो, त्यामुळे मीटरवर जेमतेम दहा-बारा तास पडलेला ट्रॅक्टर थेट फडात जातो आणि मागे दोन ट्रॉल्या लागतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, कुठेही जा, हंगामाच्या तोंडाला हाच प्रश्न असतो की नव्या ट्रॅक्टरला ट्रॉली लावायची का, लावली तर किती भरायची, आणि किती दिवस जपायचं, म्हणजे रनिंग (नव्या इंजिनचे भाग घासून एकमेकांना बसायचा सुरवातीचा काळ) कसं काढायचं. उत्तरं दोन टोकाची मिळतात. एक जण म्हणतो पहिले पन्नास तास नुसता हळूहळू फिरव, काही ओढू नको. दुसरा म्हणतो नवीन आहे तोवरच दाबून ओढून घे, मग आयुष्यभर ताकद देतो. या दोन्ही सल्ल्यांनी इंजिन खराब होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आत काय चालतं ते बघू, कारण ते कळलं की बाकी नियम पाठ करायची गरज पडत नाही. नव्या लायनरच्या (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) आतल्या बाजूला मुद्दाम तिरप्या बारीक रेघा मारलेल्या असतात, होनिंग म्हणतात त्याला. त्या रेघांत ऑइल धरून राहतं, आणि रेघांमधले बारीक उंचवटे पिस्टनच्या रिंगांवर घासत घासत दोन्ही एकमेकांना बसतात. आता रिंग लायनरवर दाबली जाते ती थोडीशी तिच्या स्वतःच्या ताणाने, पण खरा जोर असतो तो डिझेल पेटल्यावर होणाऱ्या गॅसच्या दाबाचा, तो दाब रिंगच्या पाठीमागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. म्हणजे रिंगा बसायला दाब पाहिजे आणि दाब यायला इंजिनवर लोड पाहिजे. रिकामा ट्रॅक्टर तासनतास कमी आरपीएमवर फिरवला तर दाबही नाही, उष्णताही नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, आणि लायनरवर ऑइलचा जळका चकचकीत थर चढत जातो. रेघा बुजल्या की संपलं. मग ऑइल वर येऊन जळायला लागतं, ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) धूर निघतो, निळसर धूर सायलेन्सरमधून दिसतो, आणि ट्रॅक्टर नवाकोरा असून डिपस्टिक बघून सारखं ऑइल टाकायची पाळी येते. बहुतेक वेळा इंजिन खोलून लायनरचं काम केल्याशिवाय ते सुधारत नाही.

आता दुसरं टोक. दोन ट्रॉल्या मिळून १५-२० टन ऊस, ॲक्सिलरेटर तळाला, चढाला काळा धूर. उंचवटे अजून घासलेले नसतात त्यामुळे घर्षण मुळातच जास्त असतं, त्यात हा लोड आला की रिंगा आणि लायनर प्रमाणाबाहेर तापतात, मधला ऑइलचा थर तुटतो आणि हळूहळू घासून बसण्याऐवजी ओरखडे पडतात. क्रँकच्या बेअरिंगा नव्या, गिअर नवे, क्राऊन-पिनियनचे (मागच्या ॲक्सलला ताकद देणारी गिअरची जोडी) दात अजून एकमेकांवर बसलेले नाहीत, सगळ्यांवर एकदम भार. इंजिनचा विचार सगळे करतात पण क्राऊनचा कोणी करत नाही, आणि ट्रॉली ओढताना सगळ्यात जास्त मार तिथेच बसतो.

म्हणजे पाहिजे काय तर मध्यम लोड, कमी-जास्त होणारा आरपीएम, आणि नीट तापलेलं इंजिन. एवढं तीन लक्षात ठेवा.

अमेरिकेत पिकअप ट्रकला मागे ट्रेलर लावून ओढायची पद्धत आहे, तिथे फोर्ड एफ-१५० च्या मॅन्युअलमधे पहिले १००० मैल म्हणजे १६०० किलोमीटर ट्रेलर लावू नका असं सांगतात, रॅम आणि शेवरलेवाले ५०० मैलांनंतर लावा म्हणतात पण त्यापुढच्या ओढायच्या ५०० मैलांत ताशी ५० मैलांच्या वर जाऊ नका म्हणतात. हे ऐकून कोणी ट्रॅक्टरलाही तोच नियम लावायला जाईल तर फसेल, कारण पिकअप रिकामा पळाला तरी हायवेच्या स्पीडला वाऱ्याचा आणि वजनाचा बऱ्यापैकी लोड इंजिनवर असतोच, ट्रॅक्टर रिकामा फिरवला तर लोड जवळपास काहीच नाही. घ्यायचं ते एवढंच की भार पायरीपायरीने वाढवायचा आणि सुरवातीच्या ओढण्यात स्पीड धरायचा नाही.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे पहिले पन्नास तास शेतात घालवायचे. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन निघालेलं असतं, हरभरा-गहू-शाळूसाठी मशागत चालू असते, स्वतःचं रान कमी असेल तर गावात भाड्याचं काम मिळतं. कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर ही कामं रनिंगसाठी झकास, लोड बऱ्यापैकी सारखा राहतो आणि बांधाला वळताना आपोआप इंजिनला श्वास मिळतो. पलटी नांगर खोल लावून कडक रानात पहिल्याच दिवशी घालू नका, तो लोड ट्रॉलीपेक्षा कमी नसतो. दिवसाला आठ तास धरले तर पन्नास तास आठवड्याभरात होतात, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हंगामासाठी ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर गळीत सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी घ्या, मुहूर्त थोडा मागेपुढे झाला तरी चालेल पण ट्रॅक्टरला तो आठवडा मिळू द्या.

रोज सकाळी चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं हळू आरपीएमवर राहू द्या, ऑइल सगळीकडे पोचू द्या, मग निघा आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं हलक्या कामात घालवा, काटा तापमानाच्या मधल्या भागात आला की मग लोड द्या. उभा करून रेस देत गरम करायची सवय काही जणांना असते ती सोडा. आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॅक्टरचा रेटेड आरपीएम (कंपनीने पूर्ण ताकदीसाठी ठरवलेल्या फेऱ्या) १९०० ते २२०० च्या आसपास असतो, रनिंगमधे कामाच्या वेळी साधारण १४०० ते १८०० मधे खेळवत ठेवा, एकाच आरपीएमला ॲक्सिलरेटरचा हात लॉक करून दिवसभर चालवू नका. थोडा वेळ फुल गेला तर लगेच काही होत नाही, पण तासभर फुलवर पळवणं टाळा.

सगळ्यांनाच आठवडा मिळत नाही हे मला माहीत आहे. टोळी येऊन बसलेली असते, स्लिपबॉयने (कारखान्याचा तोडीची चिठ्ठी देणारा माणूस) तोडीचं सांगितलेलं असतं, मग ट्रॉली लावावीच लागते. तेव्हा मी सांगतो तो क्रम असा, पण तुमच्या मॅन्युअलमधे वेगळं काही असेल तर मॅन्युअलचंच ऐका. पहिले दहा-पंधरा तास काही करून शेतात घाला, कल्टिव्हेटर लावून शेजाऱ्याचं रान फुकट करून दिलं तरी परवडतं. त्यानंतर एकच ट्रॉली, ती पण अर्धी भरलेली, सपाट रस्त्याचा आणि जवळचा फड बघून. पंचवीस-तीस तासांनंतर एकच ट्रॉली पाऊण भरा. पहिली सर्व्हिस झाल्यावर एक ट्रॉली पूर्ण. आणि दुसरी ट्रॉली शंभर तासांच्या आधी लावूच नका, ती लावायची वेळ आली तरी ट्रॅक्टरची ओढायची क्षमता कंपनीने किती दिली आहे ते बघून भरा, कारण ४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरने ढकलत ढकलत दोन भरल्या ट्रॉल्या नेल्या म्हणजे तो त्यासाठी बनवलाय असा अर्थ होत नाही. एका खेपेचे पैसे कमी येतात, मान्य, पण पहिल्या पंधरा दिवसांतल्या त्या अर्ध्या खेपांचे पैसे आणि इंजिनकामाचा खर्च शेजारी शेजारी मांडून बघा.

आता एक गोष्ट जी फार लोकांच्या लक्षात येत नाही. कारखान्यावर नंबर लागलेला असतो, कधी पाच तास, कधी रात्रभर. पुढची गाडी सरकली की आपण दहा फूट सरकायचं, म्हणून इंजिन चालूच ठेवतात, वर टेप चालू. नव्या ट्रॅक्टरला याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. भर लोडवर तापून आलेलं इंजिन आणि मग चार-पाच तास आयडलवर, वर सांगितला तो चकचकीत थर चढायला एवढं पुरतं. यार्डात गेल्यावर दोन-तीन मिनिटं हळू चालू द्या, टर्बो असेल तर हे कंपल्सरी समजा कारण टर्बोचं बेअरिंग थंड व्हायला ऑइल फिरत राहायला पाहिजे, आणि मग बंद करा. लाईन सरकली की सेल्फ मारा, नवी बॅटरी आहे, सोसते, फक्त इंजिन बंद असताना टेप आणि लाईट चालू ठेवून तीच बॅटरी उतरवू नका. आणि तास मोजताना हे पण ध्यानात घ्या की यार्डातले तास हे रनिंगचे तास नव्हेत. मीटर पन्नास दाखवत असेल आणि त्यातले वीस नुसते उभे राहून गेले असतील तर रिंगांच्या हिशोबाने तीसच झाले. जुन्या मेकॅनिकल मीटरचा तास इंजिनच्या फेऱ्यांवर धरलेला असतो त्यामुळे आयडलला तो घड्याळापेक्षा हळू सरकतो, डिजिटलवाल्यात बऱ्याचदा सरळ वेळच मोजली जाते. म्हणून सर्व्हिस मीटरप्रमाणे करा, पण लोड वाढवायचं गणित कामाच्या तासांवर करा.

गिअरच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका चढावर होतात. वरच्या गिअरमधे येतोय, चढ लागला, आरपीएम पडतोय, इंजिन घरघरतंय, काळा धूर येतोय, आणि ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबत राहतो की निघेल. अशा वेळी कमी फेऱ्यांवर प्रत्येक स्फोटाचा दाब बेअरिंगांवर जास्त वेळ बसतो, डिझेल जास्त आणि हवा कमी म्हणून काजळी होते, पंपाचं पाणी आणि फॅनचा वारा पण कमी. चढ दिसला की पायथ्यालाच खालचा गिअर टाका, चढाच्या मधे गिअर बदलायचा विचारच करू नका, कारण आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॅक्टरला चालत्या गाडीत गिअर सहज पडत नाही, क्लच दाबला की ट्रॅक्टर थांबतो आणि मागची ट्रॉली तुम्हाला खाली ओढायला लागते. ज्या गिअरने चढलात त्याच्या वरच्या गिअरने उतरू नका. न्यूट्रल करून उतरणं म्हणजे डिझेल वाचवणं नाही, जीव धोक्यात घालणं आहे, ट्रॉलीला बहुतेक वेळा स्वतःचे ब्रेक नसतात, सगळं वजन ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतं आणि ते ब्रेकही नवे, अजून पूर्ण बसलेले नाहीत. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडलची कडी लावलेली पाहिजे, शेतातून बाहेर पडताना कडी लावली का हे बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, एकाच चाकाला ब्रेक लागला आणि मागे भरलेली ट्रॉली असली तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो आणि ट्रॉली अंगावर येते. पहिली भरलेली खेप न्यायच्या आधी रिकामी ट्रॉली लावून मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारून बघा, दोन्ही बाजू सारख्या धरतात का, ओढ एका बाजूला जाते का.

क्लच. ट्रॉली ओढणाऱ्या नव्या ट्रॅक्टरचा क्लच जळतो तो अर्ध्या क्लचवर फडातून बाहेर काढताना. पाय पूर्ण सोडा, सगळ्यात खालच्या गिअरने उचला, आणि चालताना पेडलवर पाय ठेवून बसू नका. प्लेट नवी असताना ती बसत जाते आणि पेडलची मोकळी चाल कमी होत जाते, मॅन्युअलमधे ती किती मिलिमीटर पाहिजे ते दिलेलं असतं, आठवड्यातून एकदा हाताने दाबून बघा. चाल संपली की क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि लोडला घसरतो, लोकांना वाटतं इंजिनला ताकद नाही.

फडात ओल असली की ट्रॉली रुतते. इथे माझी कळकळीची विनंती आहे. पुढची चाकं उचलायला लागली की लगेच क्लच दाबा आणि थांबा. साखळी किंवा ट्रॉलीचा हुक ड्रॉबारलाच पाहिजे, खाली, टॉप लिंकला किंवा वर कुठेही बांधून ओढू नका, ओढीची जागा मागच्या ॲक्सलच्या वर गेली की ट्रॅक्टर मागे उलटतो आणि ड्रायव्हरला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. पुढे वजनं लावा, मागच्या टायरात पाणी भरा, चाकापुढची माती काढा, पाचट टाका, तरी निघत नसेल तर अर्धा ऊस उतरवा नाहीतर दुसरा ट्रॅक्टर लावा. नव्या ट्रॅक्टरने झटके देऊन ट्रॉली काढणं म्हणजे क्राऊन, क्लच आणि गिअरबॉक्स तिन्हीवर घाव. डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कळ) लावलात तर सरळ जाईपर्यंतच, वळायच्या आधी काढा.

रोजची तपासणी फार मोठी नाही पण रनिंगमधे ती चुकवू नका. इंजिन थंड असताना, सपाट जागी, डिपस्टिक. रेडिएटरचं पाणी. फॅन बेल्ट, नवा बेल्ट पहिल्या काही तासांत ताणतो आणि सैल पडतो. चाकांचे नट, हे पहिल्या लोडच्या खेपेनंतर आणि मग रोज पान्याने बघा, नवे नट बसताना सैल होतात आणि ट्रॉलीच्या ओढीत डिस्कची भोकं खातात. एअर क्लीनर, उसाच्या वाटेवरची धूळ आणि पाचटाचा भुगा यात भयंकर असतो, ऑइलवाला असेल तर वाटीतलं ऑइल आणि बसलेला गाळ बघा, कोरड्या फिल्टरचा असेल तर इंडिकेटर बघा, उगीच रोज काढून आपटू नका. धूळ आत गेली तर रिंगा बसण्याऐवजी झिजतात, बाकी सगळं जपलेलं वाया जातं. टायरात हवा रस्त्याच्या लोडला शेतापेक्षा जास्त लागते, मॅन्युअलमधल्या तक्त्याप्रमाणे भरा. डिझेल फिल्टरमधलं पाणी सोडा.

ऑइलच्या बाबतीत कोणाचंही ऐकून वरून कसलं ॲडिटिव्ह टाकू नका, घासण कमी करणारी औषधं या काळात उलटी पडतात कारण थोडं घासणं हवंच आहे. काही कंपन्या कारखान्यातूनच खास ब्रेक-इन ऑइल भरून देतात, ते मॅन्युअलमधे सांगितलेल्या तासाआधी काढून भारीतलं ऑइल भरायची घाई नको, आणि त्या तासापुढे ढकलूही नका.

पहिली सर्व्हिस बऱ्याच कंपन्यांची ५० तासांच्या आसपास असते. हंगाम जोरात असतो, एक दिवस ट्रॅक्टर उभा राहिला की टोळी बसून राहते, म्हणून लोक ती शंभर-सव्वाशेपर्यंत ओढतात, आणि इथेच नुकसान होतं. सुरवातीला घासून निघालेला लोखंडाचा बारीक चुरा त्याच ऑइलमधे फिरत असतो. ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, निघालेलं ऑइल भांड्यात घेऊन उन्हात बघा, बारीक चमकी असणं ठीक, पण बोटाला लागेल असा तुकडा सापडला तर तिथेच मेकॅनिकला दाखवा. टॅपेट (व्हॉल्वची फट), जिथे कंपनी सांगते तिथे हेडचे नट, क्लच-ब्रेकची चाल, गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी, पुढच्या हबचं ग्रीस, हे सगळं समोर उभं राहून करून घ्या. सर्व्हिसच्या दिवशी टोळीला कुणाच्या तरी भाड्याच्या ट्रॅक्टरवर लावा, आधीच बोलून ठेवा.

ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या हातात देणार असाल तर पहिला आठवडा मालकाने शेजारी बसावं असं मला मनापासून वाटतं. खेपेवर पैसे ठरलेले असले की ड्रायव्हर दादा पळवणारच, त्यात त्यांचा काय दोष, म्हणून रनिंगपुरता खेपेऐवजी दिवसाचा रोज ठरवा. टेपचा आवाज एवढा ठेवा की इंजिनचा आवाज कानावर येईल, लोड आला, घरघर झाली, शिट्टी वाजायला लागली, हे आधी कानालाच कळतं. आणि ट्रॉलीच्या मागे रेडियम आणि चालू लाल दिवा लावल्याशिवाय रात्रीची खेप नेऊ नका, उभ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी धडकून दर हंगामात माणसं जातात.

शेवटी एक छोटी वही सीटखाली ठेवा. तारीख, मीटर, ऑइल किती टाकलं, कुठली ट्रॉली किती भरली, चढावर काटा कुठपर्यंत गेला. सुरवातीला ऑइल थोडं खातं, ते शंभर-दीडशे तासांपर्यंत कमी होत गेलं पाहिजे. तेवढ्या तासांनंतरही खाणं तसंच असेल, किंवा ब्रीदरचा धूर वाढत असेल, तर हंगाम संपायची वाट न बघता वॉरंटीत दाखवा, वही सोबत न्या, आणि जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घेऊन त्याची कॉपी मागा, नुसत्या तोंडी सांगण्यावर परत येऊ नका.